पुण्याच्या बागा आणि त्यांच्यामागचे पाणी



पुण्यातील सारसबागेच्या गणपतीस 'तळ्यातला गणपती' म्हणतात. परगावाहून प्रथमच आलेला पाहुणा हे नाव ऐकून दर्शनास जातो आणि तळे कोठे आहे म्हणून सभोवार पाहू लागतो. हिरवळ दिसते, फुलांचे वाफे दिसतात, मंदिरालगत पाण्याचे लहानसे कुंड व त्यातील कमळे दिसतात. तळे मात्र दिसत नाही. मग एखादा वयस्कर पुणेकर त्यास सांगतो की, आपण उभे आहोत तेच तळे! ही हिरवळ त्या तळ्याच्या तळावर उगवलेली आहे.

पुण्याच्या उद्यानांविषयी बोलताना आरंभ येथूनच करणे योग्य होय. फुलझाडांच्या जाती, कारंजी, लहान मुलांची खेळणी यांची माहिती पुष्कळदा दिली जाते आणि ती आवश्यकही आहे. परंतु बाग ही मुळात पाण्याची करणी असते. पाणी कोठून आले, कोणी आणले, कोणास मिळाले आणि पुढे ते कोठे गेले, एवढे समजले म्हणजे बागेचा इतिहास बव्हंशी समजला. पुण्यात हा इतिहास एका लहानशा ओढ्याच्या काठाने चालत आला आहे. त्या ओढ्याचे नाव आंबिल ओढा.

मुळा आणि मुठा या पुण्याच्या नद्या सर्वांस परिचित आहेत. आंबिल ओढा त्यामानाने उपेक्षित. कात्रजच्या डोंगररांगेत उगम पावून तो उत्तरेकडे उतरत येतो आणि मुठेस मिळतो. एकूण प्रवास काही कोसांचाच. उन्हाळ्यात त्याकडे कोणी पाहणारही नाही. परंतु डोंगरउताराचा ओढा असल्याने मोठा पाऊस होताच थोड्या वेळात तो तुडुंब भरतो. पूर्वी त्याचा प्रवाह आजच्या पेठांच्या भागातून जात असे. कसब्याभोवतीचे लहान गाव वाढून मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र होऊ लागले, तेव्हा या ओढ्याचा प्रश्न उभा राहिला. पावसाळ्यात तो वस्तीत शिरे आणि वर्षाचे उरलेले महिने वस्तीला पाणी पुरत नसे.

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत अठराव्या शतकाच्या मध्यास या दोन्ही अडचणींवर एकाच योजनेने उपाय करण्यात आला. उगमाकडे, कात्रज येथे ओढा अडवून तलाव बांधण्यात आला. खाली पर्वतीच्या पायथ्याशी तोच ओढा पुन्हा अडवून दुसरा तलाव करण्यात आला आणि त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून मुठेकडे नेण्यात आला. मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढे पेठा वसल्या. आज ज्यास नगररचना म्हणतात, तिचाच हा प्रकार होता. त्या काळी तिला असे स्वतंत्र नाव नव्हते, इतकेच.

कात्रजच्या तलावाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हा तलाव केवळ पाणी साठविण्यासाठी नव्हता. साठलेले पाणी दूर अंतरावरील शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा हेतू होता. यासाठी दगडचुन्यात बांधलेला एक भुयारी नळ कात्रजपासून शहरात आणण्यात आला. 'नळ' हा शब्द ऐकून आज डोळ्यांसमोर लोखंडी नळी येते. पेशव्यांचा नळ त्याहून निराळा. माणूस आत उतरून चालत जाऊ शकेल एवढा तो उंच होता. त्यामुळे आत उतरून गाळ काढता येई, पडझड झाल्यास दुरुस्ती करता येई. पाणी चढविण्यास कोणतेही यंत्र नव्हते. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात. या नैसर्गिक उताराचा बेताने उपयोग करून पाणी आपल्याच वजनाने चालत येई. उतार फार दिला असता तर वेगाने बांधकाम खरवडले गेले असते, फार कमी दिला असता तर गाळ बसून नळ बुजला असता. हा मध्यम उतार इतक्या लांबवर राखणाऱ्या गवंड्यांची आणि पाथरवटांची नावे इतिहासाने जपून ठेवली नाहीत.

नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी वर उघडणारी धुराडी बांधलेली असत. त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. नळात कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडे आणि आत उतरण्यासही त्यांचा उपयोग होई. हा शब्दही किती समर्पक आहे! पाणी चालताना श्वास सोडते, ही कल्पना कोणा कारागिराच्या बोलण्यातूनच आली असावी. शहरात पोहोचल्यावर पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावे पुण्याच्या पत्त्यांत अद्याप आढळतात, हौद दिसो वा न दिसो. हौदात पाणी स्थिरावले की गाळ खाली बसे आणि वरचे स्वच्छ पाणी भरून नेले जाई. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने स्वतंत्र नळ आणून सदाशिव पेठेकडील वस्तीची सोय केली. शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या बालपणी हजारी कारंजे उडू लागले. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे म्हणजे बालपेशव्यांच्या करमणुकीची वस्तू होती. परंतु ते उडविण्यास लागणारा दाब यंत्रावाचून मिळविणे ही करमणुकीची गोष्ट नव्हे.

आता पर्वतीच्या पायथ्याशी येऊ. पर्वतीवरील देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ मधील. त्यानंतर लवकरच टेकडीखालच्या तलावाचे काम सुरू झाले. याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. काम फार मंद गतीने चालले आहे असे पाहून नानासाहेब एके दिवशी हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. श्रीमंतच दगड वाहत आहेत म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना अंबारीत बसून राहणे कठीण झाले, तेही उतरले, आणि त्यानंतर कामास वेग आला. गोष्ट खरी असो वा रचलेली. सार्वजनिक काम कशाने हलते हे तीत अचूक सांगितले आहे.

या तलावाचा विस्तार सुमारे २५ एकर होता. मध्यभागी एक बेट राखण्यात आले आणि त्यावर बाग करण्यात आली. तीच सारसबाग. बेटावर जायचे तर नावेतून जावे लागे. राज्यकारभाराची गुप्त मसलत करावयाची असली म्हणजे पेशवे या तलावात नौकाविहारास निघत आणि वल्ही मारण्यास मराठी न जाणणारे सिद्दी नावाडी घेत, असे सांगतात. भिंतीला कान असतात. पाण्याला नसतात, हे त्या मुत्सद्द्यांनी हेरले असावे. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी या बेटावर लहानसे मंदिर बांधून गणेशाची स्थापना केली. तेव्हा तो गणपती खरोखरच तळ्यात होता.

तळ्याच्या काठावर हिराबाग होती. तीही नानासाहेबांच्या काळातील. समोर पाणी, पाण्यापलीकडे पर्वतीची टेकडी आणि माथ्यावर मंदिराचे शिखर, असे दृश्य तेथून दिसे. १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी पुण्यास आला असता दुसऱ्या बाजीरावांनी त्यास याच बागेत मेजवानी दिली. पेशवाई १८१८ मध्ये संपुष्टात आली; बाग राहिली आणि तिचे आश्रयदाते बदलले. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, ते हिराबागेत. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा तेथून मोजली जाते. राजविलासासाठी केलेल्या बागेत साठ वर्षांच्या अंतराने लेखक मंडळी एकत्र बसतात, हा बदल लक्षात घेण्याजोगा आहे.

पेशवाईत पुण्यात आणि भोवताली अशा अनेक बागा होत्या. मोतीबाग, माणिकबाग, रमणबाग, तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग. यांतील बहुतेकांची नावे तेवढी शिल्लक आहेत. तुळशीबागेत आज तुळस शोधणाऱ्यास मुलींच्या भातुकलीची पितळी भांडी, बांगड्या आणि खरेदीस आलेल्या स्त्रियांची दाट गर्दी भेटेल; बेलबाग म्हटले म्हणजे लोक चौक समजतात; रमणबाग म्हणजे शाळा. याबद्दल हळहळ करण्याचे तसे कारण नाही. बागेतून मंदिर, मंदिराभोवती बाजार आणि बाजारातून वस्ती, अशी वाढ जिवंत शहरात होतच असते. हळहळ वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. बागेची जागा जाते तेव्हा तिच्यापर्यंत आलेली पाण्याची वाटही बुजविली जाते, आणि हे दुसरे नुकसान कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पाणी कोणास मिळाले, हा प्रश्न मघाशी उपस्थित केला होता. पेशव्यांच्या हौदांवर सर्व जातींच्या माणसांस समान हक्क नव्हता. कात्रजचे पाणी भुयारातून पेठांत आले, परंतु अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांच्या वाट्यास तो हौद आला नाही. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली दिवंगत कन्या काशीबाई हिच्या स्मरणार्थ बांधलेला हौद सर्व जातींसाठी मोकळा ठेवला. मुलीच्या शिल्पामुळे तो 'बाहुलीचा हौद' म्हणून ओळखला जाऊ लागला. पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी तर १९२९ मध्ये सत्याग्रह करावा लागला. शिवराम जानबा कांबळे आदी नेत्यांच्या पुढाकाराने झालेल्या या सत्याग्रहात भाग घेणाऱ्यांवर दगडफेक झाली. आज सारसबागेच्या हिरवळीवर कोणीही बसतो, कोणी कोणास जात विचारीत नाही. 'सार्वजनिक उद्यान' या शब्दातील 'सार्वजनिक' हे विशेषण असे पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ किंमत देऊन मिळालेले आहे.

इंग्रजी अंमलात शहराच्या पूर्वेस लष्कराची छावणी उभी राहिली आणि बागांचे केंद्र तिकडे सरकले. कारण तेच, पाणी. छावणीस पाणी हवे म्हणून मुळा-मुठेवर येरवड्याजवळ बंधारा बांधण्यात आला. १८५० मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्या खर्चापैकी पावणेदोन लाख रुपये सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिले. बंधाऱ्यामुळे नदीचे पाणी तुंबून काठावर विस्तीर्ण जलाशय दिसू लागला आणि त्या काठी बाग झाली. हीच बंडगार्डन, आजचे महात्मा गांधी उद्यान. 'बंड' या शब्दाचा उठावाशी काही संबंध नाही; बंधारा या अर्थाचा तो शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीचा वेष घेऊन परत आला. शेजारचा फिट्झजेराल्ड पूल १८६९ चा. पुलाच्या तोंडाशी असलेले दगडी सिंह पाहण्यासाठी पुण्यातील कित्येक पिढ्यांतील मुले वडीलधाऱ्यांचे बोट धरून येथे आली आहेत.

एम्प्रेस गार्डन ही त्याच काळातील. आरंभी ती लष्करी लोकांच्या विरंगुळ्याची बाग होती. राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतल्यावर तिला हे नाव मिळाले. सुमारे ३९ एकरांच्या या बागेची व्यवस्था ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या जुन्या संस्थेकडे आहे. जानेवारीत भरणाऱ्या तेथील पुष्पप्रदर्शनास लोक आवर्जून जातात, ते योग्यच. परंतु या बागेचे खरे धन फुले नसून तेथील प्रचंड वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या महावेली हे होय. गारंबीची एक वेल तर अशी पसरली आहे की, तिचा बुंधा कोणता आणि शेंडा कोणता हे पाहणाऱ्यास लवकर उमगत नाही. वृक्षांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ मध्ये अधिनियम झाला आणि २०२१ मधील सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना विशेष संरक्षण मिळाले. हा नियम लावू गेल्यास या बागेतील अनेक वृक्ष त्याच्या कक्षेत सहज येतील.

पश्चिमेस गणेशखिंडीत गव्हर्नरांचा प्रासाद झाला. त्याच्या पाण्यासाठी पाषाणचा तलाव करण्यात आला. १८७३ मध्ये तेथे वनस्पती उद्यान स्थापन झाले. प्रासादात आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. उद्यान मात्र आपल्या मूळ कामात आहे आणि २०२० मध्ये शासनाने त्यास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. पाषाणच्या तलावाची कथा इतकी सुखाची नाही. भोवताली वस्ती वाढली, सांडपाणी आले, त्यामागून जलपर्णी आली. तरीही हिवाळ्यात तेथे पक्षी उतरतात आणि ते पाहण्यास दुर्बिणी घेतलेली मंडळी भल्या पहाटे जमतात.

या सर्वांवर परिणाम करणारी घटना म्हणजे खडकवासल्याचे धरण. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ते पूर्ण झाले. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून शहरातून पूर्वेकडे जातो. धरणाचे पाणी भरवशाने मिळू लागल्यावर कात्रजचा नळ आणि पर्वतीचे तळे यांची शहरास गरज उरली नाही. गरज उरली नाही म्हणजे देखभालही उरली नाही. तळे एकाएकी आटले नाही. वर्षानुवर्षे ओढ्याने आणलेला गाळ साचत गेला आणि तो काढणारे कोणी राहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर पुणे नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि शहराच्या मध्यभागी एवढी मोठी मोकळी जागा पाहून तेथे उद्यान करण्याचे ठरले. १९५३ मध्ये तळ्यालगत पेशवे उद्यान व प्राणिसंग्रहालय सुरू झाले. या जागेस प्राणी नवे नव्हते. सवाई माधवरावांचा शिकारखानाही पर्वतीच्या पायथ्याशीच होता. १९५६ मध्ये तेथे 'फुलराणी' ही लहान मुलांची आगगाडी धावू लागली. पुण्यात लहानपण गेलेल्या आणि आता केस पिकलेल्या माणसांपुढे 'फुलराणी' हा शब्द उच्चारून पाहावा, त्यांच्या चर्येवर काय उमटते ते दिसेल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. पूर ओसरल्यावर दुसरे संकट उभे राहिले. शहराच्या नळांना पाणी नव्हते. त्या दिवसांत पेठांतील जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा उपयोगी पडले, अशी आठवण जुने पुणेकर सांगत. दोनशे वर्षांपूर्वीची व्यवस्था त्या वेळी निदान अंशतः जिवंत होती, एवढे यावरून दिसते.

१९६० नंतरच्या दशकात तळ्याच्या जागी आजची सारसबाग आकारास आली. हा निर्णय त्या परिस्थितीत चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. साचलेले पाणी, डास आणि चिखल यांच्या जागी शहरातील सामान्य माणसास फिरावयास हिरवळ मिळाली. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला संध्याकाळी मोकळ्या हवेत बसण्यास हक्काची जागा मिळाली. दिवाळीच्या पहाटे येथे जमणारी गर्दी पाहिली म्हणजे या बागेचे पुण्याच्या जीवनातील स्थान निराळे सांगावे लागत नाही. पुढे कालव्यालगत ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पु. ल. देशपांडे उद्यानही झाले. पाणी कसे खेळवावे याचा जपानी पाठ पर्वतीच्या सावलीतच पाहावयास मिळतो.

परंतु तळे गेल्यामुळे काय गेले, याचा हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. २५ एकर क्षेत्रात केवळ एक मीटर खोलीचे पाणी साठते असे धरले, तरी ते सुमारे एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर होते. एवढे पाणी काही काळ थांबवून धरण्याची जागा ओढ्याच्या खालच्या टप्प्यावर होती. ती राहिली नाही. वरच्या टप्प्यावर कात्रजचा तलाव गाळाने उथळ होत गेला. आणि या दोहोंमधील ओढ्याचे पात्र, जे नकाशात रुंद होते, ते प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी आवळत गेले. कोणी भराव टाकला, कोणी सीमाभिंत पात्रात उभी केली, कोठे वाकडे वळण सरळ करण्यात आले, कोठे पुलाची कमान अरुंद ठेवण्यात आली.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात थोड्या वेळात फार मोठा पाऊस झाला. आंबिल ओढा आपल्या जुन्या स्वभावानुसार क्षणात भरला. धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत पाणी घुसले. गृहरचना संस्थांच्या भिंती कोसळल्या, वाहने कागदी नावांसारखी वाहून गेली, गोठ्यांतील जनावरे दावणीलाच बुडाली. पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यांतील कित्येकांना आपण ओढ्याकाठी राहतो याची जाणीवही वर्षभर होत नसेल, कारण एरवी तेथे दिसे ते केवळ गटार.

सारसबागेचे तळे असते तर ही माणसे वाचली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अरण्येश्वर व पद्मावती हे भाग तळ्याच्या वरच्या अंगास आहेत. तेथे प्रश्न पात्राचा होता, वरच्या तलावाच्या धारणशक्तीचा होता आणि उतारावरील मोकळ्या जमिनीच्या जागी आलेल्या काँक्रीटचा होता. पण नानासाहेबांच्या योजनेतील मूळ विचार तेथेही लागू पडतो. ओढा एकाच ठिकाणी अडवून भागत नाही; त्यास उगमाशी थांबवावे लागते, मध्ये वाट द्यावी लागते आणि खाली पुन्हा एकदा विसावा द्यावा लागतो. त्यांनी दोन तलाव बांधले ते उगीच नव्हे.

पुरानंतर पात्र रुंद करण्याचा, संरक्षक भिंती बांधण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यात एक कठीण प्रसंगही उद्भवला. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळील वस्तीतील घरे हटविण्याची कारवाई ऐन पावसाळ्यात सुरू झाली, रहिवाशांनी विरोध केला आणि न्यायालयाने कारवाईस स्थगिती दिली. ओढ्यास जागा हवी हे खरे. परंतु ती जागा व्यापणाऱ्यांत पत्र्याच्या घरांबरोबर पक्क्या इमारतींच्या भिंतीही होत्या, हे २०१९ च्या रात्री कोसळलेल्या भिंतींनीच दाखविले होते. रुंदीकरणाचा भार कोणावर किती पडावा, हा प्रश्न अभियंत्यांच्या आराखड्याने सुटणारा नाही. पुनर्वसनाची जागा ठरल्यावाचून घर पाडले गेले तर लोकांचा विश्वास उडतो आणि पुढील प्रत्येक सर्वेक्षणास विरोध होतो, एवढे तरी प्रशासनाने यातून घेण्यासारखे आहे.

कात्रजच्या तलावाकडे पुन्हा वळू. १९९९ मध्ये पेशवे उद्यानातील प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. पेशवे उद्यान मुलांसाठी ऊर्जा उद्यान झाले. पर्वतीच्या आटलेल्या तळ्याशेजारून वाघ, अस्वले व हरणे निघाली, ती त्याच ओढ्याच्या उगमाकडील, अद्याप पाणी असलेल्या तलावाकाठी जाऊन राहिली. हे स्थलांतर योजताना ही संगती कोणी मनात धरली असेल असे नाही. १३० एकरांच्या या संग्रहालयात प्राण्यांना पूर्वीपेक्षा मोकळी जागा मिळाली आणि तलावास निदान एका बाजूने राखणदार मिळाला.

संग्रहालयात येणारी शाळेची मुले वाघाच्या खंदकापाशी रेंगाळतात, सर्पोद्यानात किंचाळतात आणि तलावावरून मात्र घाईने पुढे जातात. त्यांना तेथे थोडे थांबवून, येथून भुयारातून पाणी निघे ते शनिवारवाड्यात कारंजे होऊन उडे, एवढे जरी शिक्षकांनी सांगितले तरी मुले त्या पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहतील. नळाचे काही भाग व काही उच्छ्वास आजही शहरात आढळतात. रस्त्याचे वा इमारतीचे खोदकाम चालू असता मधूनच दगडी कमान उघडी पडते, बघ्यांची गर्दी होते, दोन दिवस वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि खड्डा बुजविला जातो. या नळाचा आज शिल्लक असलेला मार्ग नकाशावर आखून घेणे आणि खोदकामाची परवानगी देताना तो नकाशा समोर ठेवणे, हे फार खर्चाचे काम नाही. तलावातील गाळ उन्हाळ्यापूर्वी काढणे आणि वरच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात न सोडता वेगळ्या वाहिनीने नेणे, हे खर्चाचे व चिकाटीचे काम आहे. परंतु ते केल्यावाचून खाली कितीही उंच भिंती बांधल्या तरी ओढा त्यांच्यावर चढणारच.

पावसाळा ऐन भरात आला म्हणजे कात्रजच्या तलावाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागते. मग ओढा नेहमीच्या वाटेने निघतो: धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल, आणि शेवटी मुठा. सारसबागेत त्या दिवसांत हिरवळ ओली असते, बाकांवर बसता येत नाही. तळ्यातल्या गणपतीच्या दर्शनास येणारे लोक छत्री मिटून पायऱ्या चढतात.